गावातली चौकशी: समोरच्याचे शब्द कसे ऐकायचे, कसे तपासायचे

बचत गटाची रोकड कमी भरते. सोसायटीच्या गोदामातले युरियाचे कट्टे मोजणीत बसत नाहीत. रात्रीतून कोणाच्या तरी वावरातली मोटर जाते. मग चार जण बसतात, ज्याच्यावर संशय आहे त्याला समोर घेतात, आणि पाच मिनिटांत कोणीतरी बोलून मोकळं होतं, "पाहा, अडखळला. थोच आहे." चौकशी तिथंच संपते. गडबड नेमकी कुठं झाली ते बहुतेक वेळा कळतच नाही.

त्यात आता मोबाईलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. खोटं बोलणारा ‘मी’ टाळतो, नाव घ्यायचं टाळतो, भूतकाळातून एकदम वर्तमानकाळात येतो, असे नियम लोक पाठ करून येतात. हे नियम मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांवरून काढलेले आहेत. ते आपल्या विदर्भातल्या वऱ्हाडीला किंवा झाडीबोलीला जसेच्या तसे लावले तर निम्मं गाव खोटारडं ठरेल.

बसण्याआधी एक आकडा लक्षात घ्या. चार्ल्स बॉण्ड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या विषयावरचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले. माणूस नुसता ऐकून-पाहून खरं-खोटं ओळखायला गेला तर सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर येतो. नाणं उडवलं तरी ५० वेळा बरोबर येतंच. अनुभवी लोकांचाही आकडा फारसा वर गेला नाही. त्यामुळे शब्दांकडून एवढीच अपेक्षा ठेवा, की पुढचा प्रश्न कुठं विचारायचा ते त्यांतून कळेल. निकाल कागदावरून आणि पडताळणीवरून लागतो.

हा लेख बचत गटाच्या आणि ग्रामसंघाच्या (गावातल्या गटांच्या संघाच्या) पदाधिकारी, सोसायटीचे संचालक, मुख्याध्यापक, जिनिंगवरचे मॅनेजर, तंटामुक्त समितीचे सदस्य आणि तालुक्याचे वार्ताहर यांच्यासाठी आहे.

सावधान: मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा लहान मुलाशी संबंधित तक्रार असेल तर यातलं काहीही करू नका. थेट पोलिसांकडे जा. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती कळवणं पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. शिवाय गावानं मुलाला चार वेळा खोदून विचारलं की पुढं त्याची साक्ष बिघडते.

पुढचे टप्पे एका कल्पित प्रकरणावर चालवतो. समजा, गटाच्या कर्जाच्या हप्त्याचे २२,००० रुपये शुक्रवारच्या बैठकीत जमले आणि सचिवताईंकडे दिले. त्या म्हणतात, शनिवारी भरले. बँकेच्या पासबुकात नोंद नाही.

## टप्पा १: आधी कागद, मग माणूस

सर्वांत जास्त चुकतं ते इथं. लोक आधी माणसाला बोलावतात आणि कागद मागाहून शोधतात. तोवर समोरच्याला आपल्याला काय ठाऊक आहे, काय नाही, हे सगळं समजलेलं असतं.

रोकड वही, कार्यवाही वही, सभासदांची पासबुकं आणि त्याच दिवशी भरून आणलेलं बँकेचं पासबुक समोर ठेवा. जमा पावतीचा कोपरा आहे का पाहा. गावातल्या बँक मित्राकडे (बँकेच्या वतीनं गावातच पैसे घेणाऱ्या-देणाऱ्या माणसाकडे) व्यवहार होत असेल तर तिथली छापील चिठ्ठी वेगळी मागा. मग कॅलेंडर काढा. बाजार कोणत्या दिवशी होता, सण होता का, आणि मुख्य म्हणजे तो शनिवार महिन्यातला कितवा? दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. आपल्या प्रकरणात तो दुसरा शनिवार निघाला असं धरू.

"सापडली!" म्हणून लगेच उठू नका. आता कोऱ्या कागदावर किमान तीन शक्यता लिहा. पैसे वापरले गेले. पैसे भरले, पण भलत्याच खात्यात गेले. पैसे तिसऱ्याच माणसाच्या हाती दिले आणि तिथं अडकले. शुक्रवारी पूर्ण रक्कम जमलीच नव्हती आणि वहीत मात्र जमा दाखवली. प्रत्येक शक्यतेपुढं लिहा: हे खरं असेल तर कोणता कागद, कोणता साक्षीदार सापडायला हवा?

एकच शक्यता डोक्यात घेऊन बसलेला माणूस समोरच्याचं प्रत्येक वाक्य त्याच शक्यतेत बसवत जातो. त्याला ते कळतही नाही, म्हणून शक्यता कागदावर उतरवायच्या.

तपासा: तीन शक्यता लिहून झाल्या नसतील तर अजून कोणाला बोलावू नका.

## टप्पा २: कुठं, केव्हा, कोणी विचारायचं

पारावर नको, चावडीपुढं नको, पानटपरीजवळ तर नकोच. चार लोक ऐकत असले की माणूस त्यांच्यासाठी बोलतो, तुमच्यासाठी नाही. शाळेची खोली, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायतीची आतली खोली चालेल. दार उघडं ठेवा. बाईला विचारायचं असेल तर सोबत दुसरी बाई हवीच, आणि ती विरोधी घरची नको.

वेळ पाहा. दिवसभर कपाशी वेचून आलेल्या बाईला दिवेलागणीला बसवलं तर तिची उत्तरं तुटकच येणार. तुटक उत्तरं म्हणजे लपवाछपवी, असा अर्थ मग कोणीतरी काढतोच.

दोघं बसा. एकानं विचारायचं, एकानं लिहायचं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर सांगून, संमती घेऊन.

विचारणारा कोण आहे, यावर अर्धं उत्तर ठरतं. सावकारानं कर्जदाराला, मालकानं सालदाराला, मोठ्या जाऊबाईनं धाकटीला विचारलं तर शब्दांची तपासणी करण्यात काही अर्थ उरत नाही. सालदार मालकापुढं "हाव मालक" म्हणतो ती कबुली नसते, ती त्याची सवय आणि गरज असते. अशा ठिकाणी विचारायला बाहेरच्या गावचा माणूस आणा. दुसऱ्या गावातल्या ग्रामसंघाच्या पदाधिकारी यासाठी बऱ्या.

सावधान: "खरं सांगितल्याशिवाय जाऊ देणार नाही" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. कोणालाही अडवून, कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. समोरची व्यक्ती उठून गेली तर जाऊ द्या आणि तेवढंच लिहून ठेवा. पॉलिग्राफ किंवा नार्को चाचणीसुद्धा संमतीशिवाय करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सेल्वी प्रकरणात पोलिसांना बजावलं आहे. तुम्ही तर पोलीसही नाही.

## टप्पा ३: आधी रोजचं बोलणं ऐका

मुद्द्यावर यायच्या आधी दहा मिनिटं अशा गोष्टींवर बोला, ज्यांची उत्तरं तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. मागच्या महिन्याची बैठक कशी झाली, गटाचं खातं उघडायला कोण कोण गेलं होतं, तालुक्याला यष्टी कधी मिळते. ऐकताना लिहिणाऱ्यानं टिपायचं: ही व्यक्ती ‘मी’ किती वापरते? वेळ घड्याळात सांगते की "जेवणावक्ती", "बाजाराच्या आदल्या दिवशी" अशी? मूळचीच अडखळत बोलते का? गोष्ट सांगते की हो-नाहीवर भागवते?

पुढं जो फरक शोधायचा तो याच नमुन्याशी ताडून. गावातल्या दुसऱ्या कोणाशी नाही, आणि पुण्या-मुंबईच्या बोलण्याशी तर मुळीच नाही.

बोलता बोलता वऱ्हाडी सोडून माणूस एकदम पुस्तकी मराठीवर येतो, हेही संशयाचं लक्षण मानलं जातं. समोर वही-पेन दिसलं की आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण असा बोलतो. तो मान असतो, थोडी भीती असते.

गडचिरोलीत गोंडी-माडिया, मेळघाटात कोरकू, यवतमाळ-वाशिमच्या तांड्यांवर गोरमाटी ही ज्यांची घरची भाषा, त्यांना मराठीत बोलायला लावून शब्द तपासू नका. त्यांच्या भाषेत बोलू द्या. दुभाष्या दोन्ही बाजूंना चालणारा घ्या. आणि दुभाष्यानं सांगितलेले शब्द हे दुभाष्याचे असतात, त्यावर शब्दांची तपासणी होत नाही. तिथं फक्त तपशील पडताळायचे.

## टप्पा ४: मोकळी हकीकत

पहिला प्रश्न एकच आणि लांब: "ताई, शुक्रवारी बैठक सरली तेव्हापासून शनिवारी रात्री झोपेपर्यंत काय काय झालं, सगळं तुमच्या भाषेत सांगा. आम्ही मधात बोलणार नाही."

आणि खरंच मधात बोलू नका. बहुतेक चौकश्या इथं दुसऱ्याच वाक्याला बिघडतात. ताई म्हणतात, "मंग सकाळी उठली, डबा केला..." आणि समोरचा तोडतो, "डब्याचं नका सांगू, पैशाचं बोला." झालं. आता ताईंना कळलं की लहान उत्तर द्यायचं आहे. पुढं त्या तेवढंच देतील. डबा केला, पोराला शाळेत सोडलं, यष्टी हुकली, या निरर्थक वाटणाऱ्या गोष्टींतच नंतर पडताळायला जागा मिळते.

थांबल्या तर तीनच शब्द वापरा: "मंग?", "आणखी?", "तिथून पुढं?" दहा सेकंद शांतता पडली तरी चालेल. ती भरायची घाई विचारणाऱ्यालाच होत असते.

लिहिणाऱ्यासाठी एक कडक नियम. जसं बोललं तसं लिहायचं. "म्या पैसे देल्ले" हे "म्या पैसे देल्ले" असंच राहिलं पाहिजे. आपल्या हाताला कार्यालयीन मराठीची सवय असते, म्हणून ताई म्हणतात "म्या पैसे देल्ले" आणि वहीत उतरतं, "सदर रक्कम माझ्याकडून जमा करण्यात आली." मग दुसऱ्या दिवशी कोणी हुशार माणूस ती वही वाचून म्हणतो, "पाहा, बाईनं कसं आडवळणानं सांगितलं!" आडवळण लिहिणाऱ्याचं, शिक्षा बाईला.

तपासा: हकीकत संपेपर्यंत तुम्ही एकही नवी माहिती तोंडातून काढली नाही ना? रक्कम, वार, बँकेचं नाव, कोणाचं नाव यांतलं काही तुम्ही आधी बोलला असाल तर वहीत त्या जागी खूण करा. ते शब्द आता त्यांचे राहिले नाहीत.

## टप्पा ५: शब्दांवर खुणा करणं

हे काम माणूस गेल्यावर, किंवा मध्ये चहाची सुटी घेऊन करायचं. तोंडासमोर करायचं नाही.

### कर्ता कुठं गेला?

इंग्रजीत प्रत्येक वाक्याला कर्ता लागतो, म्हणून तिथं ‘मी’ गळणं ठळक दिसतं. मराठीत तो रोजच गळतो, कारण क्रियापदातून कळतं कोणी केलं. "सकाळी बँकेत गेलो" म्हटलं की बोलणारा स्वतः गेला हे उघड आहे.

पण दोन ठिकाणी मराठी खरोखर झाकते. पहिलं, सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ. "पैसे मोजले, पिशवीत टाकले, भरले." इथं क्रियापद पैशांच्या मागं चालतं. मोजले कोणी, भरले कोणी, वाक्यातून काहीच कळत नाही. दुसरं आपल्या भागातलं. विदर्भात बाई स्वतःबद्दल "मी गेली, मी आली" म्हणते आणि जावेबद्दलही "थे गेली, थे आली" म्हणते. ‘मी’ गळला की "सकाळी गेली, भरून आली" याचा कर्ता कोणीही असू शकतो.

म्हणून खूण अशी करा: हकीकतीतल्या ज्या क्रियेवर सगळं प्रकरण टेकलं आहे, तिथं कर्ता आहे का? ताई टप्पा तीनमध्ये "म्या डबा केला, म्या पोराले सोडलं" असं सारखं बोलत होत्या, आणि नेमकं "पैसे भरले" इथं ‘म्या’ नाही, तर बाजूला प्रश्नचिन्ह टाका. मूळच्याच ‘म्या’ न लावता बोलत असतील तर टाकू नका. आणि प्रश्नचिन्ह टाकलं म्हणजे ठरलं काहीच नाही. कोणी भरले, हा प्रश्न विचारायचा राहिला, एवढंच.

"हातून राहून गेलं", "होऊन गेलं", "पैसे निघून गेले" यांनाही हाच नियम.

### वेळेची उडी

"मंग नंतर डायरेक्ट घरी आली." "थोड्या वेळानं परत आलो." अशा जोडशब्दांखाली रेघ मारा. हकीकतीचा एक भाग मिनिटामिनिटाचा आणि मध्येच दोन तास एका शब्दात गेले, तर त्या दोन तासांत काय झालं ते विचारायचं.

उडी म्हणजे गुन्हा नव्हे. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. तिथला जागल्या रात्रीचे दोन तास गाळतो तेव्हा त्यानं मोटर चोरली असेल, किंवा तो नुसता प्यायला गेला असेल आणि तेवढंच लपवत असेल. खोटं आहे, पण भलत्याच गोष्टीचं. चौकशी करणारे यातच सर्वांत जास्त फसतात: एक खोटं सापडलं की तेच आपलं खोटं असं धरून चालतात.

### तपासता येईल असं किती?

मला विचाराल तर सगळ्या खुणांत ही सर्वांत उपयोगी. काहीतरी दडवणारी माणसं तपशील देतात, पण ताडता येणारे तपशील टाळतात, असं गॅलिट नहारी आणि आल्डर्ट व्रिज यांच्या संशोधनातून पुढं आलं. "लय गर्दी होती, ऊन होतं, जीव घाबरला" हा तपशील भरपूर आहे, पण पडताळता येत नाही. "आशाताई होत्या यष्टीत, कंडक्टरनं सुटे नाहीत म्हणून पाच रुपये ठेवून घेतले" हे पडताळता येतं.

हकीकतीत अशा जागा मोजा: नाव घेतलेला साक्षीदार, फोन, पावती, कॅमेऱ्याची जागा, लाईनची वेळ. शेतकरी म्हणाला, "रात्री लाईन होती म्हणून ओलिताले गेल्तो," तर शेतीपंपाच्या फिडरला त्या आठवड्यात थ्री-फेज दिवसा होती की रात्री, हे लाईनमनकडे पाच मिनिटांत कळतं.

### आपणहून केलेली दुरुस्ती

"आधी सुनबाई आली... नाई, थांबा, आधी दूधवाला आला, मंग सुनबाई." गावात याला ‘बयान बदललं’ म्हणतात आणि माणूस तिथंच बदनाम होतो. साक्षीचा मजकूर तपासायच्या पद्धतींत मात्र आपणहून केलेली दुरुस्ती, "हे मले आठवत नाही" अशी कबुली, मध्येच आलेली अडचण, जसंच्या तसं सांगितलेलं दुसऱ्याचं बोलणं, या गोष्टी खरेपणाच्या बाजूनं धरल्या जातात. गुळगुळीत, एका सुरात, दोन्ही वेळा अक्षरशः तीच हकीकत सांगणारा माणूस जास्त विचारायच्या लायकीचा असतो.

### या खुणा सोडून द्या

शपथा. "लेकराची शपथ", "गजानन महाराजाची आन" खरा माणूसही घेतो, खोटाही घेतो.

"मी कायले घेऊ?" हा थेट नकार नाही म्हणून लोक बोट ठेवतात. मराठीत नकार असाच देतात. एकदा साधं विचारा, "पैसे तुम्ही घेतले का?" आणि उत्तर लिहून पुढं चला.

नवऱ्याचं नाव न घेता "हे", "घरचे" म्हणणं, सासऱ्याला नुसतं "थे" म्हणणं, बापाला "आमचा बुढा" म्हणणं, स्वतःला "आपल्याले काय मालूम" म्हणणं. दुरावा दाखवणारी भाषा म्हणून हे सगळं इंग्रजी नियमांत पकडलं जाईल. आपल्याकडे ती रीत आहे.

मध्येच वर्तमानकाळ येणं. "मी जातो तं काय, दार उघडं!" गोष्ट सांगायची आपली पद्धतच ही आहे.

इस्रायली पोलिसांत पॉलिग्राफ तपासनीस असलेल्या अविनोआम सपीर यांची ‘स्कॅन’ नावाची अशीच शब्दखुणांची पद्धत जगभर शिकवली जाते. संशोधकांनी तपासली तेव्हा तिच्या बऱ्याच खुणा खरं-खोटं वेगळं करू शकल्या नाहीत. तेव्हा व्हिडिओतला माणूस कितीही ठासून सांगो, त्याची यादी बाजूला ठेवा.

## टप्पा ६: खुलाशाचे प्रश्न

प्रश्नचिन्हं टाकलेल्या जागांवरच प्रश्न विचारा, एका वेळी एक. त्यांचेच शब्द वापरा. त्या "पिशवी" म्हणाल्या असतील तर तुम्ही "पर्स" म्हणू नका.

चुकीचा प्रश्न: "पैसे नवऱ्याजवळ देल्ले ना तुम्ही?" यात उत्तर तुम्हीच भरवलं. शिवाय दमलेला माणूस "हाव" म्हणून सुटका करून घेतो.

बरोबर प्रश्न: "घरून निघाल्यापासून भरेपर्यंत पिशवी कोणाकोणाच्या हाती होती?"

चुकीचा: "किती वाजता पोचल्या? नक्की सांगा." घड्याळ न पाहणाऱ्याकडून मिनिटं मागितली तर तो अंदाज ठोकणार, आणि तो अंदाज तुम्ही उद्या त्याच्याच विरुद्ध वापरणार.

बरोबर: "तुम्ही पोचल्या तेव्हा यष्टी गेल्ती का यायची होती?"

उत्तर भलत्याच प्रश्नाचं आलं तर वाद घालू नका. "कोणी भरले?" याला "मी वीस वर्षं गट चालवून राह्यली, एक रुपया इकडचा तिकडं नाही" असं उत्तर आलं, तर ते ऐकून घ्या, मान डोलवा, आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत परत विचारा. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर तेवढं लिहा. तिसऱ्यांदा विचारू नका.

## टप्पा ७: अनपेक्षित प्रश्न आणि कागदावर चित्र

तयारी करून आलेला माणूस "काय केलं" याची तयारी करतो. जागेची क्वचितच करतो. कागद-पेन देऊन म्हणा, "तुम्ही भरायला उभ्या होत्या ती जागा काढून दाखवा. दार कुठं, टेबल कुठं, तुमच्या पुढं कोण." चित्र चांगलं यायची गरज नाही. ज्यांना पेन धरायची सवय नाही त्यांना खडे मांडून दाखवू द्या.

शेवटाकडून सुरुवातीकडे हकीकत सांगायला लावणं हीही एक युक्ती आहे. खोट्याला ती जास्त जड जाते असं प्रयोगांत दिसलं, पण खऱ्यालाही जडच जाते. म्हाताऱ्या, आजारी किंवा घाबरलेल्या माणसावर ती वापरू नका.

## टप्पा ८: हातातला पुरावा शेवटी

आता तो दुसरा शनिवार. हे पान पहिल्याच मिनिटाला टाकायचा मोह सगळ्यांना होतो. "बँक बंद होती, आता बोला!" समोरचा घाबरतो, गप्प होतो, किंवा तुमच्या पुराव्याला जुळेल अशी नवी गोष्ट रचतो.

स्वीडनमध्ये मारिया हार्टविग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींवर हाच क्रम तपासला. पुरावा राखून, आधी त्याच्या आजूबाजूचे प्रश्न विचारायला शिकवलेल्यांनी सुमारे ८५ टक्के वेळा खरं-खोटं बरोबर ओळखलं. न शिकवलेल्यांचा आकडा ५६ टक्के राहिला. शब्दांच्या खुणांनी जे जमत नाही ते या क्रमानं बरंच जमतं.

म्हणून आधी विचारा: भरायला कुठं गेल्या? आत किती लोक होते? पावती कोणी दिली? पासबुक तेव्हाच का नाही भरून घेतलं? उत्तरं लिहून झाली की मग शांतपणे, आरोप न करता: "ताई, त्या शनिवारी बँक बंद होती असं कॅलेंडरवर दिसते. हे कसं जुळवायचं, तुम्हीच सांगा." आणि गप्प बसा.

आपल्या प्रकरणात असंही निघू शकतं: ताई बँकेत गेल्याच नव्हत्या. त्यांनी पैसे बँक मित्राकडे दिले. "सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी टाकतो" म्हणून त्यानं ठेवून घेतले, चिठ्ठी दिली नाही. गटाचा नियम होता की शाखेत स्वतः जायचं, म्हणून ताईंनी "बँकेत भरले" असं दडपून सांगितलं. खोटं सापडलं, पण पैसे खाल्ल्याचं नाही. टप्पा एकमध्ये लिहिलेली तिसरी शक्यता ही. तिथं लिहिली नसती तर ताईंवर शिक्का बसला असता, आणि बँक मित्राकडे कोणी गेलंच नसतं.

सावधान: नसलेला पुरावा आहे असं सांगू नका. "कॅमेऱ्यात दिसल्या तुम्ही" अशी थाप मारली आणि तिथं कॅमेराच नाही हे त्यांना ठाऊक असेल, तर चौकशी तिथंच संपते. ठाऊक नसेल तर निर्दोष माणूसही भीतीनं कबूल होऊ शकतो, आणि ते जास्त वाईट.

## टप्पा ९: पडताळणी आणि लिहून काढणं

पडताळणी दोन दिवसांच्या आत करा, गावात बातमी फिरायच्या आधी. हकीकतीतल्या प्रत्येक तपासता येणाऱ्या जागेवर जा: यष्टीतल्या बाई, बँक मित्र, दूधवाला. त्यांनाही आधी मोकळं बोलू द्या. "ताई असं म्हणाल्या, खरं का?" असं विचारलंत तर साक्षीदाराला उत्तर देऊन बसलात. ताईंची बाजू धरणारा पुरावाही तेवढ्याच नेटानं शोधा. नेमकं हेच राहून जातं.

अहवालाला तीन रकाने पुरतात: काय म्हणाल्या, कशाशी ताडलं, जुळलं की नाही. "खोटं बोलल्या", "संशयास्पद वागल्या", "नजर चुकवली" हे शब्द अहवालात नकोत. "शनिवारी शाखेत भरले असं म्हणाल्या, त्या दिवशी शाखा बंद होती" एवढं लिहिलं की वाचणारा स्वतः पाहून घेतो.

लिहिलेली हकीकत त्या व्यक्तीला तिच्याच बोलीत वाचून दाखवा. ती काही बदलायला सांगेल ते खाडाखोड न करता खाली वेगळं लिहा, मग सही किंवा अंगठा घ्या, तारीख टाका, दोन्ही बसलेल्यांच्या सह्या घ्या. एक प्रत त्यांना द्या.

अफरातफर ठरत असेल तर अहवाल आणि कागद ग्रामसंघाकडे, बँकेकडे किंवा लेखापरीक्षकांकडे, आणि गरज पडल्यास पोलिसांत द्या. गावानं परस्पर दंड ठोकायचा नाही. त्या घराशी बोलायचं नाही, कार्याला बोलवायचं नाही, असा ठराव तर करायचाच नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्या ठरावाच्या वहीवर ज्यांच्या सह्या असतील, उद्याच्या चौकशीत समोर त्यांना बसावं लागेल.